भेगाळलेला गिअरबॉक्स, जीपगाडी व इतर मिळकतीची व्यवस्था

मी, मनोहर धोंडबाजी खडतकर, वय एकाहत्तर, आयटीआयमधून निवृत्त झालेला वेल्डिंगचा निदेशक, राहणार मानकापूर, नागपूर, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. पोरांच्या हाती पहिल्यांदा वेल्डिंग मशीन देताना मीही हेच म्हणत असे.

१. राहते घर व बँकेतील सर्व ठेवी पत्नी सौ. सुमती हिच्या. तिच्या पश्चात मुलगा उन्मेष व मुलगी नूपुर यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. ठेवी कुठे आहेत ते सुमतीलाच विचारावे, मला कधी सांगितलेले नाही.

२. जीपगाडी. ही मी कामठीला लष्कराच्या लिलावात घेतली. ती सध्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे व तिचा गिअरबॉक्स न्हाणीघराशेजारी पडून आहे. असे का, हे वारसांना कळणे जरूर आहे.

मागल्या माघात नूपुरचे सासरे, म्हणजे माझे व्याही श्री. अनंतराव लांजेवार, यांनी मौद्याच्या आपल्या वावरात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे खायला बोलावले. वाटेत जीपच्या पोटाला दगड लागला आणि गिअरबॉक्सच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कवचाला वीतभर भेग गेली. सगळे तेल मौदा तालुक्याने प्यायले. अनंतरावांकडे मोटारपंपाच्या कामासाठी वेल्डिंग मशीन होते. आम्ही कवच उतरवले. भेगेच्या दोन्ही टोकांना छिद्रे पाडली, म्हणजे ती पुढे सरकत नाही. रोडग्यांच्या गोवऱ्यांवरच कवच तापवले. मी बोटभर वेल्डिंग करायचे व अनंतरावांनी लगेच त्यावर हलक्या हाताने हातोडी मारायची, असे काम चालले. असा हात मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. मग कवच त्याच गरम राखेत पुरले. बीड सावकाश निवले पाहिजे, नाहीतर तडकते.

आम्ही जेवलो. रोडग्यांना गिअर ऑइलचा वास होता, पण मी चार खाल्ले. निघायची वेळ झाली तेव्हा अनंतरावांनी विहिरीवरून बादली भरून आणली आणि राखेवर ओतली.

असा आवाज मला वैऱ्याच्याही घरी ऐकायचा नाही. जुनी भेग तर उघडलीच, शेजारी नवी पडली.

मी म्हणालो, "इवाई, हे काय केलं जी तुम्ही?"

ते म्हणाले, "इस्तो तसाच टाकून जाऊ काय? बाजूले कपाशीची पऱ्हाटी उभी हाये. माह्या बापानं कधी वावरात आग सोडली नाही."

शब्दाने शब्द वाढला. मी त्यांच्या बापाबद्दल बोललो, ते माझ्या वेल्डिंगबद्दल. माझ्या बापाबद्दल बोलले असते तर मी सोडून दिले असते.

तेव्हापासून बोलणे बंद. निरोप नूपुर नेते-आणते. दिवाळीला ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, मी काय तारघर आहो का?" तिचे बरोबर होते. सुमती रोज विचारते, "काहून अडून राहिले जी तुम्ही?" नवीन भेग मी एकट्याने दुरुस्त करायला गेलो. कवच एकट्याने उचलले, म्हणूनच हा हर्निया. उन्मेष पुण्याहून आला तेव्हा त्याच्या हाती हातोडी दिली. तो संगणकाचे काम करतो. त्याने पहिल्या ठोक्यात स्वतःचा अंगठा गाठला.

३. वेल्डिंग मशीन आयटीआयला द्यावे. पाने, पकडी आणि ग्राइंडर गल्लीतल्या मंडळींनी वाटून घ्यावेत, म्हणजे निदान चोरून न्यावे लागणार नाहीत. उन्मेषला वेल्डिंगची काळी काच द्यावी व लांबून बघायला सांगावे.

४. सदरमधल्या एका गॅरेजवाल्याने माझ्या जीपला माझ्या तोंडावर भंगार म्हटले. नाव लिहीत नाही, सुमतीला माहीत आहे. त्याला तेरवीला बोलवू नये. आलाच तर बुंदी वाढू नये.

५. व्याही श्री. अनंतराव लांजेवार यांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. चमचाभर ग्रीससुद्धा नाही. हे नजरचुकीने राहिलेले नाही.

६. हे कलम नंतर जोडले आहे. कागद वकील कु. गार्गी मुळे हिला दाखवला. ती म्हणाली, "काका, एक साक्षीदार मी. दुसरा असा पाहा, ज्याला यातून काहीच मिळत नाही." गल्लीत प्रत्येकाला मी काहीतरी देऊन बसलो होतो. तिने पाचव्या कलमावर बोट ठेवले.

निरोप अर्थात नूपुरने नेला. अनंतराव शनिवारी आले. चष्मा लावून सगळे वाचले.

"ग्रीस बी नाही?" त्यांनी विचारले.

"नाही."

"बरं झालं. मंग मले खरं बोलाले हरकत नाही. कवच राखेत हाये हे मी इसरलो होतो. चुकलं माहं. पण तुमची वेल्डिंग बी कच्ची होती."

माझे वेल्डिंग कच्चे नव्हते. पण ते "चुकलं" म्हणाले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे मी इथे लिहून देतो. सुमती म्हणाली, "सह्या मंग करा. आधी थे लोखंड काढा माह्या न्हाणीजवळून."

रविवारी अंगणात गोवऱ्या पेटल्या. उचलायचे काम जावई विक्रमने केले. मी वेल्डिंग केले, अनंतरावांनी हातोडी मारली. कवच राखेत पुरल्यावर त्यांनी घरातली एकुलती एक बादली पालथी घातली आणि राख निवेपर्यंत तिच्यावर बसून राहिले. आज सकाळी कवच काढले. दोन्ही भेगा बुजल्या आहेत.

मी गार्गीला म्हणालो, पाचवे कलम खोड, जीप अनंतरावांच्या नावे लिही. ती म्हणाली, मग साक्षीदार दुसरा आणा. अनंतराव कागद सोडायला तयार होईनात. "सही मीच करतो जी. माह्या नावासमोर काही नसलं तरी चालते."

तेव्हा जीप नूपुरला देतो व पाचवे कलम नाइलाजाने कायम ठेवतो. मी मेल्यावर अनंतरावांना काहीही मिळणार नाही. त्यांना जे द्यायचे ते मला जिवंतपणीच द्यावे लागेल, त्यामुळे या ऑपरेशनमधून मला परत येणे भाग आहे.

ठिकाण: मानकापूर, नागपूर
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: मनोहर धोंडबाजी खडतकर

आमच्यासमोर सही केली:
१. ॲड. गार्गी मुळे
२. अनंतराव लांजेवार, मौदा (वेल्डिंगविषयीचा मजकूर मान्य नाही. बाकी सर्व मान्य.)