फेकलेल्या तिसऱ्या

आई गे,

आज अकरा वाजता प्रयोगशाळेच्या साहेबांपुढे उभं राहायचंय. साडेनऊ झालेत, निघण्याआधी तुला लिहितेय. तू देवाघरी जाऊन महिना झाला, तरी धीर मागायला मला दुसरं आहे कोण?

वडाळ्याची ती सकाळ आठवते? रंगाच्या कारखान्याचं पाणी खाडीला मिळतं तिथल्या तिसऱ्या, चिखलातले ते शिंपले, तपासायचं काम परळच्या प्रयोगशाळेने मला दिलं होतं. पाण्यात जे असतं ते तिसरीच्या पोटात साठतं, म्हणून तिच्यावरून खाडीचं कळतं. पण चिखलात ती शोधायची कशी, हे तुलाच ठाऊक. लालबागहून तुला घेऊन गेले. लुगडं खोचून तासाभरात टोपली भरलीस.

मग सवयीने निवडायला बसलीस. मिटलेल्या, जिवंत तिसऱ्या टोपलीत, तोंड वासून मेलेल्या बाजूला. "बाय, इतक्यो मेलेल्यो मी कधी बघूक नाय," म्हणालीस. माझं लक्ष घड्याळाकडे. संयुक्त महाराष्ट्रासाठी दुपारपासून हरताळ होता, त्याआधी परतायचं होतं. "फेक त्या," मी म्हटलं.

का ऐकलंस गं माझं? भाजीवालीशी अर्धा तास हुज्जत घालायचीस, मग माझ्याशीच का नाही घातलीस?

निवडून चांगल्या नेल्या, अहवालही चांगलाच आला. 'पाण्यात दोष नाही.' खाली माझी सही. आज त्यावरच कारखान्याला खाडीत पाणी सोडत राहायची परवानगी मिळणार. आणि तुझी मैत्रीण पारूमावशी अजून तिथल्याच तिसऱ्या पोरांना खाऊ घालते.

परवा घरी कालवणासाठी तिसऱ्या निवडताना एक उघडी हाताला लागली आणि मी ती फेकता फेकता थांबले. प्रयोगशाळेसाठीही आपण अशाच निवडल्या होत्या. ज्यांच्या पोटात विष जास्त साठलं त्याच मेल्या होत्या, सांगण्यासारखं होतं ते त्यांच्याकडे, आणि त्याच चिखलात भिरकावल्या.

काल साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, शहरात आधीच काय कमी गोंधळ आहे? नोकरी सांभाळा." मी मान डोलावून बाहेर आले. तुझी लेक म्हणवून घ्यायची लाज वाटली.

तिथून सरळ खाडीवर गेले, तुझं बघितलं होतं तशा तिसऱ्या वेचल्या. या वेळी काहीच फेकलं नाही. पिशवी आता पायाशी आहे, वास सुटलाय. काल काठावरच मोजल्या, तेव्हाच उघड्या मिटलेल्यांपेक्षा जास्त होत्या.

ती पिशवी साहेबांच्या टेबलावर ओतणार आहे. सही मागे घेईन, नोकरी गेली तर जाऊ दे. आणि नव्या अहवालात पहिलं वाक्य तुझंच असेल, तू म्हणालीस तसंच, तुझ्या नावासकट.

तेव्हा न ऐकलेली,
तुझी बाय