शून्याचा रकाना

दि. ३ डिसेंबर
तीर्थरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

पाठदुखी कशी आहे? 'ठीक' एवढेच लिहिलेस तर तिकडे येऊन थडकेन.

माझा सहा नंबरचा जवसाचा वाण पाच जानेवारीला मंजुरीसाठी समितीपुढे आहे. तेल चव्वेचाळीस टक्के, रोपे फूटपट्टीने आखल्यासारखी. माझी सही झाली की बियाणे गावोगाव जाईल. पण काल बारा रोपांनी माना टाकल्या. मी वही आणेपर्यंत मुकादमांनी ती उपटून जाळलीसुद्धा! ओरडले, तर ऐटीत म्हणाले की बाईंच्या, म्हणजे तुझ्या, काळापासून हीच शिस्त आहे, रोगट रोप वाफ्यात ठेवायचेच नाही. वहीत 'मर रोग' या रकान्यात वर्षानुवर्षे शून्य आहे. आत्या, ते शून्य खरे ना?

तुझ्या उत्तरावर जीव टांगलेली,
खारूताई

दि. ६ डिसेंबर
चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

पाठ दुखते. आता मुद्दा. निवड म्हणजे काढून टाकणे. आणि काढले त्याची नोंद नसेल, तर राहिले त्याविषयीचे कोणतेही विधान सिद्ध होत नाही. रोग पसरू नये म्हणून उपटण्याचा हुकूम माझाच. 'आधी मोजा' हे सांगायचे मात्र राहिले. मुकादमांना बोल लावू नकोस.

गोदामामागच्या तुकड्यात मर रोगामुळे जवस कधीच तगला नाही. त्या आजारी मातीत सहा नंबर पेर. शेजारी मी नापास केलेले मिसळ बियाणे पेर: बुटके, उंच, कमी तेलाचे, सगळे. शीतकपाटात असेल. तीन आठवडे कोणाला हात लावू देऊ नकोस. तोवर सही नको.

तुझी काळजी न लपवता येणारी,
आत्या

दि. ३० डिसेंबर
तीर्थरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

सहा नंबरची चारशेपैकी नऊ रोपे उरली. तुझ्या नापास पोरांची एकशे सत्तर! रोज सकाळी मी स्वतः जाऊन मोजले.

तुला न विचारता तिसरी ओळही पेरली होती: सहा नंबरची आई, तुझा वाण, जो आज सगळीकडे उभा आहे. चारशेत अकरा. समितीचे अध्यक्ष म्हणतात, सही करा, नाहीतर दुसरी नोकरी शोधा. सही मी करणार नाही. पण कारण लिहिले तर तुझे नाव येते. न लिहिले तर तो वाण पेरला जातच राहील. काय करू?

रागावू नकोस, एवढेच मागणारी,
खारूताई

दि. २ जानेवारी
चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तू दोन पर्याय मांडलेस. त्यातला दुसरा आता उरलेला नाही. उपटलेल्या रोपांविषयीचे माझे निवेदन कालच्या टपालाने अध्यक्षांकडे गेले. माझा वाण थांबवावा, अशी मागणी त्यात आहे. तू फक्त आकडे ठेव. आकड्यांना आत्या नसते. जगलेल्या एकशे सत्तरांचा सहा नंबरशी संकर कर. आठेक वर्षांत तेल आणि तग एकत्र येतील.

या हंगामाची पेरणी मात्र कोणालाच परत घेता येणार नाही. माझ्या खिडकीतून शेजारचे शेत दिसते; त्यात माझाच वाण आहे. निळी फुले आली आहेत. आज एका कोपऱ्यात पिवळे दिसले, माना टाकलेले. चष्मा पुसून पाहिले. पिवळेच आहे.

लोभ उरेल तेवढा राहू दे.
तुझी आत्या