काटा हलत नाही

६ एप्रिल, रविवार

नाही विकणार! लिहून ठेवते, म्हणजे उद्या मीच डळमळले तर वाचायला होईल.

पेट्रोल पुन्हा वाढलं. धक्क्याला चौदा बोटी बांधलेल्या, तलावावर एकटी माझी. बाकीचे बांधलेल्या बोटीत बसून चहा पितात, इंजिनावरची धूळ पुसतात आणि दोर न सोडता घरी जातात. शेजारचे वकीलसाहेब तर बोटीत टोपी घालून पेपर वाचत होते. मला म्हणाले, "मॅडम, लॉटरी लागली वाटतं!" मी म्हटलं, "नाही हो, वय झालं. बांधून ठेवायला वेळ नाही माझ्याकडे." पेपर तोंडापुढे धरला.

धाकटा आला नाही. भांडणाला महिना झाला. बाबांची बोट आम्हा दोघांची, अर्धी भावाची, अर्धी बहिणीची. मार्चमध्ये दर भडकले आणि हा कागद घेऊन आला. "ताई, मला नाही परवडत. माझा अर्धा भाग तू घे, फुकट घे, पण मला मोकळं कर." सही करून टेबलावर ठेवला, रद्दीचा कागद ठेवावा तसा! मी नाही नाही ते बोलले. तोही बोलला. तेव्हापासून एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. बोटीची दुसरी किल्ली मात्र त्याच्याकडेच राहिली आहे. मागणार नाही. बोलायचंच नाही तर मागायची कशी?

९ एप्रिल, बुधवार

घराचा जिना चढताना तीनदा थांबले. गुडघे. वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, "आता आराम करायचा हो." आराम! जमिनीवर मला सगळे ओलांडून जातात. पाण्यावर मात्र हँडल पुढे ढकललं की बोटीचं नाक उचलतं, वारा तोंडावर येतो आणि मला गुडघे आहेत हेच मी विसरते. ते सोडू? पेट्रोलवाल्यांच्या मर्जीसाठी?

१३ एप्रिल, रविवार

चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, ते काय उगाच? आज पद्धत बसवली. एक — फालतू वजन बाहेर. बर्फाची पेटी, दोन गाद्या, जादा नांगर, बाबांची लोखंडी हत्यारपेटी, सगळं घरी. (हत्यारपेटी उचलताना जीव गेला. धाकटा असता तर — असो.) दोन — नाक अर्धवट वर ठेवून चालवायचं नाही, त्यातच पेट्रोल सर्वांत जास्त जळतं. एकदम जोर द्यायचा, बोट पाण्यावर सपाट झाली की हँडल दोन बोटं मागे. तीन — पेट्रोलचा काटा फक्त निघताना वाचायचा. परत आल्यावर नाही, कारण तेव्हा पाणी हललेलं असतं आणि काटा नाचतो. रविवारी सकाळी पाणी काचेसारखं असतं, तेव्हाच वाचायचं आणि वहीत मांडायचं. शिस्त म्हणजे शिस्त!

२० एप्रिल, रविवार

मागच्या रविवारी पलीकडच्या टोकाचं पंपगृह गाठून परत आले होते. आज काटा पाहिला — जेमतेम हललाय! दोनदा पुसून पाहिला. पद्धत लागू पडली!!

टाकीच्या झाकणावर काळ्या अंगठ्याचा ठसा. धक्क्यावरच्या इंजिन-मिस्त्रीचे हात कधी धुतलेले असतील तर शपथ. त्याला झापलं. "मी झाकणाला हातच लावला नाही ताई," म्हणाला आणि उगाच हसला. बेशरम.

४ मे, रविवार

काटा हलत नाही! धक्क्यावर आता मलाच मागणी आहे. चौघे वह्या घेऊन आले. फळ्याऐवजी बोटीच्या कुशीवर खडूने आकृती काढून शिकवलं. वकीलसाहेब मागे उभे राहून नाक मुरडत होते, पण टिपून घेत होते हे मी पाहिलं. चाळीस वर्षांची सवय आहे, मागच्या बाकावरचं मला बरोबर दिसतं.

संध्याकाळी वाटलं, धाकट्याला फोन करून सांगावं. 'परवडत नाही' म्हणालास ना? बघ! फोन उचलला आणि ठेवला. त्याने करावा.

(चाळीस नाही, चौतीस. वहीत तरी खोटं नको.)

७ मे, बुधवार

बाजारात धाकट्याच्या छापखान्यातला कंपोझिटर भेटला. म्हणाला, "साहेब हल्ली सायकलवर येतात. गाडी घरीच असते." वजन कमी करायला सांगितलं असेल डॉक्टरांनी. पोट सुटलंच होतं. मी काही विचारलं नाही. एवढ्या उन्हातान्हात कसा जातो, तेही विचारलं नाही.

११ मे, रविवार

दोन फेऱ्या. काटा जागच्या जागी. मी राणी आहे!

१८ मे, रविवार

काय दिवस! माझ्या पद्धतीने वकीलसाहेब पंपगृहाकडे गेले आणि परत येताना भर तलावात पेट्रोल संपलं. ओढून आणावं लागलं. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मॅडम, तुमची वही खोटी आहे."

माझी वही! अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "एक जूनला या. सगळ्यांच्या देखत टाकी रिकामी करा, वीस लिटर मोजून भरा, झाकणाला तुमची चिकटपट्टी लावा, वर सही ठोका. माझ्या वहीप्रमाणे पंपगृहाच्या तीन फेऱ्या होतात. तुम्हाला शेजारी बसवून करून दाखवते." ते म्हणाले, "आणि नाही झाल्या तर?"

तोंडातून निघून गेलं — "तर बोट विकीन!"

"माझ्याकडे गिऱ्हाईक आहे," म्हणाले. असणारच.

मिस्त्री तोंड पाडून बसला होता. "ताई, शब्द मागे घ्या," म्हणाला. मी? शब्द मागे? त्याला कामाला लावलं.

२९ मे, गुरुवार

झोप नाही. वही चार वेळा तपासली. आकडे चोख आहेत. मग पाचव्यांदा का मोजतेय? बाबांनी मला याच बोटीत सुकाणू धरायला शिकवलं, धाकटा तेव्हा माझ्या मांडीवर बसायचा आणि भोंगा वाजवायचा. बोट गेली तर मी धाकट्याला कुठल्या तोंडाने सांगणार?

जाणार नाही! हरायला मी काही वकील नाही.

१ जून, रविवार

हरले.

आता नीट लिहिते. वीस लिटर मोजले, पट्टी लावली, सही झाली. अख्खा धक्का जमला होता. पहिली फेरी उत्तम. वकीलसाहेब दोन्ही हातांनी कठडा धरून डोळे मिटून बसले होते, मला फार बरं वाटलं. दुसऱ्या फेरीत काटा घसरायला लागला. शहाण्यासारखा नाही, इतर कुणाच्याही बोटीत घसरतो तसा. मी दोन बोटं मागे घेतलं, तीन घेतलं. तिसऱ्या फेरीला वळले आणि इंजिन दोनदा खोकलं, बंद पडलं.

वकीलसाहेबांनी डोळे उघडले आणि काट्याकडे पाहिलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

सकाळपासून तलावाच्या मध्यावर भाड्याची एक वल्ह्यांची होडी होती. माणूस गळ टाकून बसला होता. तो आता वल्ही मारत आमच्याकडे आला, घामाघूम, वेडंवाकडं वल्हवत. टोपी काढली. धाकटा! होडीत पाच लिटरचा डबा. डबा वर देताना त्याचा अंगठा दिसला. छापखान्याच्या शाईने काळा.

मी झाकणाकडे पाहिलं. मग अंगठ्याकडे. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला एवढं कळायला सहा आठवडे लागले.

"किती दिवस?"

"मार्चपासून. दर मंगळवारी, छापखान्यात जाताना. मिस्त्रीला गप्प बसायला सांगितलं होतं. पैजेचं त्यानेच कळवलं."

"आणि तुला परवडत नव्हतं ना?"

"गाडी आणि बोट दोन्ही परवडत नव्हत्या," धाकटा म्हणाला. "गाडी बंद केली. तू थांबली असतीस तर मला सहन झालं नसतं, ताई."

मी रडले. वकिलासमोर! मग त्याला ओरडले, की एवढ्या उन्हात टोपी का काढलीस. पद्धत चुकीची नाही, हेही तिथेच दोघांना ठणकावून सांगितलं. पेट्रोल कमी लागतंच. फक्त मी समजले होते तितकं कमी नाही.

धक्क्याला लागल्यावर वकीलसाहेब हळूच म्हणाले, "मॅडम, शब्दाचं मनावर घेऊ नका." मी म्हटलं, "मी दिलेला शब्द आहे. पाळणार."

३ जून, मंगळवार

शब्द पाळला. आज बोट विकली. अर्धी, धाकट्याला. किंमत त्याने आधीच टाकीत ओतली होती.