तुझ्यामागे मुलगी आहे, आत्या

प्रिय सुमनआत्या,

काल दुपारी मी घरच्या ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या, आणि आज सकाळपासून माझ्याशी कुणी बोलत नाहीये. तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून हे पत्र. तू जाऊन पंधरा दिवस झाले.

बाबांनी तुझा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, "कै. सुमन. अविवाहित. गावच्या अंगणवाडीत तीस वर्षं सेवा. मागे भाऊ, भावजय, भाचरं असा परिवार." मी त्याखाली लिहिलं, "आणि एक मुलगी. तिचं नाव आनेके, ती नेदरलँड्समध्ये राहते." बस्स, इतकंच!

दोन चुलतकाका ग्रुप सोडून गेले. एका वहिनीने हात जोडल्याची खूण पाठवली आणि मिनिटभरात पुसून टाकली. घाबरली असेल. घाबरायचं आपल्या घरात सगळ्यांना लहानपणापासून शिकवलंय.

लहान असताना मी गावातल्या बायकांना कुजबुजताना ऐकलं होतं. "सुमन बेळगावला सात महिने शिवण शिकली, आणि परत आली तर साधं काज करता येईना!" मग सगळ्या हसायच्या. मला वाटायचं, तू शिवणात कच्ची आहेस, एवढंच. त्याच बायका आपली पोरं रोज सकाळी तुझ्या अंगणवाडीत सोडून जायच्या आणि तू त्यांना मांडीवर घेऊन भरवायचीस. कसं गं जमायचं तुला?

लॉकडाऊन नसता तर मला काहीच कळलं नसतं. इथे नेदरलँड्समध्ये माझं झुइडास भागातलं ऑफिस बंद, मी बुइटनव्हेल्डर्टच्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम करत होते. टीममधल्या कुणीतरी पोस्टाने गंमत म्हणून डीएनए चाचणीचा डबा पाठवला. कंटाळा आला होता, नळीत थुंकले आणि पाठवून दिली. उत्तर आलं, तुमची सख्खी आतेबहीण किंवा मामेबहीण याच देशात आहे. मी हसले. माझी सगळी भावंडं मला माहीत नाहीत का?

दोन दिवसांनी तिचाच निरोप आला. "मी अडतीस वर्षांची आहे. तान्ही असताना भारतातून दत्तक आले. तुम्ही माझ्या कोण लागता?"

आम्ही स्लोटरडाइक स्टेशनबाहेर भेटलो. कागदी कपातला चहा, मध्ये दीड मीटर अंतर. चहा प्यायला तिने मास्क खाली घेतला आणि आत्या, समोर तूच! तीच हनुवटी, पुढच्या दोन दातांमधली तीच फट. मी अंतरबिंतर विसरून तिचा हात धरला.

ती इथल्याच झीलंड प्रांतातल्या एका छोट्या गावात वाढली. तिथे बस चालवते. आईवडील प्रेमळ, पण गावात सावळी ती एकटीच. चर्चबाहेर बायका तिला सांगायच्या, तू नशीबवान, उपकार विसरू नकोस. "कोणाचे उपकार, ते कुणी सांगत नव्हतं," ती म्हणाली. तिच्या कागदावर लिहिलंय की आई बाळंतपणात गेली.

मी तुला फोन केला तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस.

"आत्या, बेळगावला तू शिवण शिकायला नव्हती गेलीस ना?"

सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणालीस, "कोण म्हणतं?"

"तुझी मुलगी. इथे आहे ती."

"कसली मुलगी? ती जन्मतःच गेली. दादानेच, तुझ्या बाबानेच सांगितलं मला."

म्हणजे तिला सांगितलं आई गेली, आणि तुला सांगितलं मूल गेलं! आणि हे ठरवणारे रोज तुझ्या हातचं जेवत होते! तो कोण होता, हे मी तुला विचारलं नाही. गावानेही कधी विचारलं नाही. नाव फक्त तुझंच खराब झालं.

त्या रविवारी आनेके माझ्याकडे आली. घरात एकच पाहुणा चालत होता तेव्हा, तो मान तिला. तू कडक इस्त्रीची साडी नेसून फोनसमोर बसलीस. "उजेडात ये गं जरा," म्हणालीस. मी दोघींमध्ये दुभाषी.

आनेके म्हणाली, "तिला विचार, तिने मला हातात घेतलं होतं का?"

"नाही. दाखवलीच नाही मला." तू रडली नाहीस. पदर सारखा करून विचारलंस, "काम काय करते?" बस चालवते म्हटल्यावर पुढे झुकलीस. "एवढी मोठी? एकटी?" आणि काय हसलीस!

मग मला म्हणालीस, "मी आता गावात सांगणार. मला कुणाची भीती?"

आणि मी काय म्हणाले? "थांब ना आत्या. संकेतचं लग्न होऊ दे, मी आधी बाबांशी बोलते." मी! माझा घटस्फोट झाला तेव्हा एकही प्रश्न न विचारता "घरी ये" म्हणणारी तू एकटीच होतीस, आणि मी तुला धाकट्या भावाच्या लग्नासाठी गप्प बसवलं. तूही का ऐकलंस माझं? एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंस!

तीन आठवडे तू थांबलीस. तेवढ्यात दुसरी लाट आली. तू ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होतीस. मग तुलाच ताप, मग तालुक्याचं हॉस्पिटल, मग आत कुणाला सोडेनात. विमानं बंद. गावात म्हणे लोक हळहळले, "बिचारी, एकटीच गेली."

काल संध्याकाळी बाबांचा फोन आला. "कुणाला विचारून लिहिलंस?"

"आत्याला विचारायचं तर ती नाही. तुम्ही तेव्हा विचारलं होतंत तिला?"

"तुझ्या आजोबांनी, अप्पांनी ठरवलं होतं. मी चोवीस वर्षांचा होतो."

"आणि ती एकवीस वर्षांची."

 मग म्हणाले, "गावात कसा फिरू मी आता?"

"मान वर करून फिरा. नाहीतर घरात बसा, सगळं जग बसलंय."

त्यांनी फोन ठेवला. थोड्या वेळाने आईचा वेगळा निरोप आला, ग्रुपवर नव्हे, फक्त मला: "तिचा फोटो असेल तर पाठव." पाठवला. अजून उत्तर नाही. असू दे.

मी ती ओळ पुसणार नाही, आत्या. पाया पडून सांगितलं तरी नाही.

आणि तुला एक शब्द देते. विमानं सुरू झाली की आम्ही दोघी येतोय. तुझं वर्षश्राद्ध आनेके करणार. मुलीच्या हातून नको म्हणाले गुरुजी, तर नदीवर आमचं आम्ही करू. लोक दारात उभे राहून बघतील, बघू देत. ही कोण, असं विचारतील. उत्तर मी देणार नाही, तीच देईल. रोज फोनवर माझ्याकडून घोकून घेते, ‘र’ हे अक्षर अजून घशातूनच काढते, पण वाक्य पक्कं झालंय: "मी सुमनची मुलगी. उशीर झाला यायला."

तुझी भाची,
रेवती