मास्तरनं खोडलेली ओळ

मंगळवार, संध्याकाळ

मास्तरले काय अधिकार माझी चिठ्ठी खोडायचा? देशाचे एवढे मोठे नेते गेले, म्हणून सरहद्दीवरच्या जवानांले धीराच्या चिठ्ठ्या पाठवायचं गावानं ठरवलं. मास्तरनं शाळेच्या फळ्यावर लिहिलेलं ‘देश तुमच्या पाठीशी आहे’ सगळ्यांनी उतरवून घेतलं. मी मनचं लिहिलं: दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी वरण-भात नेतात, समोर बसून खाऊ घालतात. तुम्हाले कोणी खाऊ घातलं का लेकरांनो? पोटभर रडा.

ते ‘रडा’च खोडलं. म्हणे, "काकू, जवानाले असं लिहितेत का? हसतील लोकं."

"हसू दे. तुमच्या घरचं कोणी हाये का तिकडं?"

माझा लेक हाये. परवा नेते गेल्याचं कळलं तवा प्रशांत सरहद्दीवरून फोनवर इतकंच बोलला, "आई, आपला माणूस गेला व." हुंदका गिळला अन् फोन ठेवला. तेव्हापासून लागतच नाही. जेवला असंल का? माझ्यासमोर तरी काहून नाही रडला? माझी चिठ्ठी त्यालेच भेटंल असं नाही, पण कोणाच्या तरी लेकाले भेटंल. रडा म्हणणारं कोणी पाहिजे ना तिथं.

शुक्रवारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा साकोलीच्या पोस्टात जाणार. उद्या तोंडावर विचारतो. गुरुजी, गुरुवारपर्यंत सांगा, माझी चिठ्ठी लिहिली तशी जाते का नाही?