कपाटाची पाठ

पप्पा, ताईनं मांजर्लीचं तळमजल्यावरचं घर सोडलं. खरवईला नवीन बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर गेली, आता नदी कितीही येऊ दे म्हणते. आईलाही तिथंच नेलंय. सामान हलवताना ताईला लग्नात दिलेलं तुमचं कपाट सात वर्षांनी पहिल्यांदा भिंतीपासून सुटलं, आणि त्या दिवसापासून माझं कामात लक्ष नाही. मी इथं मस्कतला एसीचे पत्र्याचे डक्ट बसवतो. काल शिडीवर उभा राहून नुसता पत्र्याकडं बघत बसलो, खालचा पंजाबी ओरडला, ‘सो गया क्या भाई?’ म्हणून म्हटलं लिहून काढू. मला लिहायची सवय नाही, नववीत शाळा सोडली ती तुम्हाला ठाऊकच आहे. बोलतो तसंच लिहितो.

अंबरनाथच्या त्या दोन खोल्या मला इथं रोज दिसतात. कंपनी बंद पडली, तुमचं स्प्रे मारायचं काम गेलं, आणि मग आपलं स्वयंपाकघर हाच तुमचा कारखाना झाला. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारामागच्या गोदामांतून तुम्ही मोडकी टेबलं, ड्रॉवर, लंगडी स्टुलं हातगाडीवर घालून आणायचे. जुना रंग काचेच्या तुकड्यानं खरवडायचा, काचपेपर मारायचा, खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरायची, ती वाळली की पुन्हा घासायचं, मग अस्तराचा एक हात आणि वरून रंगाचे दोन. तुम्ही एका कोपऱ्यात, आई दुसऱ्या कोपऱ्यात. आई स्टोव्ह पेटवायच्या आधी ओरडायची, ‘तुमचे डबे उचला आधी, नाहीतर सगळी चाळ उडेल.’ आणि जेवताना तुम्ही पहिला घास घेऊन गंभीर तोंडानं म्हणायचे, ‘भातात आज टर्पेंटाइन बेताचं पडलंय, छान झालाय.’ आई हसायची नाही. ताई हसायची. मी ताट सरकवून बाहेर पळायचो. मला कुठंच बसवत नव्हतं तेव्हा. रंग वाळेपर्यंत थांबा, लांबी वाळेपर्यंत थांबा, मला वाटायचं हा माणूस आयुष्यभर काहीतरी वाळायची वाट बघत बसलाय. एकदा किराणावाल्याच्या फळ्या हिरव्या करत होता, मी वाळलं का बघायला बोट लावलं. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, ‘आता ही फळी मी परत घासणार, आणि तू इथं बसून बघणार.’ तो अर्धा तास मला मारापेक्षा जड गेला.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा तुमची छाती पुरती बसली होती. दवाखान्यात छातीचा फोटो काढला, डॉक्टर म्हणाले, रंग बंद, रंगाचा वाससुद्धा बंद. तुम्ही मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला गेलात. सिंधी शेठच्या गोदामात ते सागवानी कपाट वर्षभर पडलं होतं, कुठल्यातरी फॅक्टरीच्या साहेबाच्या बंगल्यातून आलेलं. आरसा तडकलेला, वर चार थरांचा रंग, आणि पाठीला साध्या लाकडाच्या कोऱ्या फळ्या. शेठ म्हणाला, ‘ले जाओ पेंटर साईं, ये राक्षस ने मेरा गोडाउन खा लिया.’ त्या बदल्यात तुम्ही त्याचं शटर आधीच रंगवून दिलं होतं. घरी आणल्यावर तुम्ही कपाटाभोवती एक चक्कर मारली, पाठीवर थाप दिली आणि मला म्हणालात, ‘हे तू करायचंस. मी दारात बसून सांगतो.’

मला आत्ताही दिसतं. तुम्ही उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसलाय, नाकाला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि तिथून सांगताय. ‘आधी पाठ. तोंड शेवटी.’ मी म्हणतो, ‘पाठ भिंतीला लागणार पप्पा, कोण बघणार?’ तुम्ही म्हणता, ‘ओल बघते. मांजर्लीच्या तळमजल्यावर जातंय ते. तोंड काय, नटपण रंगवतो रोज.’ दारावरून जाणारी शेजारीण हसते. मी मुद्दाम तोंडापासून सुरुवात करतो. क्रीम रंग, चॉकलेटी पट्टी. खोटं नाही सांगत, ते तोंड मी जीव लावून केलं होतं. एक हात जास्तच दिला, क्रीमचा डबा तळापर्यंत पुसून घेतला. ताई येता-जाता त्यात स्वतःला बघायची, तडकलेला आरसा काढून टाकला होता तरी. पण पाठ राहिली. अस्तराचा डबा मी पहिल्या दिवशी तोंडापुरता उघडून तसाच विसरलो होतो, त्याचा दगड झाला होता. नवीन आणायला जायचं, मग थांबायचं, मग दोन हात, परत थांबायचं. दुसऱ्या दिवशी पोरं नदीवर पोहायला जाणार होती. मी कपाट सरकवून भिंतीला लावलं. तुम्ही दारातून विचारलंत, ‘पाठ?’

‘झाली.’

‘अस्तर लावून?’

‘लावलं म्हटलं ना.’

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि आत आईला म्हणालात, ‘याला चहा दे, दमलाय.’

दुसऱ्या दिवशी आई आणि ताई आत्याला घेऊन बस्ता बांधायला उल्हासनगरला गेल्या. सकाळी गेलेल्या बायका दिवेलागणीला येणार हे ठरलेलंच. मी नदीवर गेलो. तुम्ही घरी एकटे. संध्याकाळी मी आलो तेव्हा तुम्ही खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, श्वासाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. घरात रंगाचा वास होता, पण आपल्या घरात कधी नव्हता? आई मलाच बोलली, ‘तुझ्या त्या क्रीमनं झालंय यांना, तरी सांगत होते बाहेर काढा कपाट.’ तुम्ही हातानंच तिला गप्प केलंत. कपाट भिंतीपासून हातभर पुढं आलेलं होतं. वाटलं, हवा लागायला कोणाकडून तरी सरकवून घेतलं असेल. मी जाऊन मागं बघितलं नाही. मागं काय आहे ते मला माहीत होतं, असं मला वाटत होतं.

टेम्पो आला त्या दिवशी मी उठायच्या आत तुम्ही कपाटाला गोधड्या गुंडाळून सुतळीनं बांधून ठेवलं होतं. वरपासून खालपर्यंत, पाठीला तर दोन. मला म्हणालात, ‘रंगाला खरचटायला नको.’ मला इतकं बरं वाटलं पप्पा. वाटलं, वाचलो. उचलताना कुणाला पाठ दिसणार नव्हती. मांजर्लीला मी टेम्पोवाल्याशी गप्पा मारत बाहेरच उभा राहिलो, दाजींच्या भावांनी ते आत नेऊन कोपऱ्यात बसवलं. पुढं त्याच्या बाजूनं माळ्याचा खांब आला, तेव्हापासून ते हललंच नाही.

आणि लग्नात. पांढरा सदरा घालून तुम्ही पहिल्या रांगेत उभे, त्रिशरण पंचशील चाललंय, तुमचे हात जोडलेले, आणि नखांत हिरवं. चौथं शील खोटं न बोलण्याचं, ते मीही मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांच्या बरोबर. नंतर आत्या तुम्हाला म्हणाली, ‘अरे, मुलीच्या लग्नात तरी हात घासून यायचं होतंस, पेंटरचा पेंटरच राहिलास.’ तुम्ही हात पाठीमागं घेतलेत आणि हसलात. आपल्या कपाटात हिरवं कुठंच नव्हतं. किराणावाल्याच्या फळ्या होऊन दोन महिने झाले होते. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

पंधरा दिवसांनी मी सुरतला पळालो. पळालोच म्हणायचं, कामाला गेलो असं घरात सगळे म्हणतात. मला तो खोकला ऐकवत नव्हता. तुम्ही गेलात तेव्हा मी साड्यांच्या कारखान्यात गाठोडी उचलत होतो. निरोप मिळून पोचलो तोपर्यंत सगळं आटोपलं होतं, दारात तुमचं स्टूल तेवढं होतं. मग वापी झालं, भिवंडी झालं, आता हे. कुठंही गेलो की दोन वर्षांत पाय हलायला लागतात.

नदी मांजर्लीत शिरली त्या वर्षी मी भिवंडीत होतो. तीन दिवस फोन लागला नाही. चौथ्या दिवशी ताईचा आवाज आला आणि माझ्या तोंडातून पहिलं काय निघालं माहीत आहे? ‘कपाट कसंय?’ ती फोनवरच पेटली. ‘आम्ही मेलो का जगलो ते विचार आधी, बारक्या! कपाट म्हणे!’ मग तिचं तिलाच हसू आलं. म्हणाली, कमरेएवढं पाणी होतं, टीव्ही गेला, सोफा फुगून फाटला, प्लायचा दिवाण तर पुस्तकासारखा उलगडला, पण पप्पांचं कपाट जागेवर उभं आहे. दारं उघडी टाकून वाळवलं, बस. मला कळेना. कोरी पाठ पाण्यात उभी राहून टिकते कशी? सागवान ते सागवान, अशी मी मनाची समजूत घातली. पाठ सागवानी नव्हती, हे मी स्वतःला आठवू दिलं नाही.

आता गेल्या महिन्यातलं. ताई फोनवर म्हणाली, ‘बारक्या, तुझी चोरी पकडली.’ मग सांगायला लागली, ‘खांब काढला, कपाट ओढलं बाहेर, मागून बघते तर काय! अर्धं हिरवं, अर्धं कोरं. तुझंच काम. कंटाळा आला असणार, अर्ध्यात टाकून पळालास. पप्पांनी असं अर्धं काम जन्मात सोडलं नसतं.’

मी म्हटलं, ‘कुठलं अर्धं?’

‘खालचं. खाली सगळीकडं रंग आहे, कोपऱ्यापर्यंत. आणि वरची कड बघ कशी, सरळ पण नाही. मधे उंच आणि दोन्हीकडं उतरत आलेली. कमानीसारखी. दारू पिऊन मारला होतास का रंग?’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘पण सुतार आला होता ना, तो म्हणाला, ताई, हा रंग होता म्हणून फळ्या वाचल्या, नाहीतर पुरात पाठच सडली असती. थँक्यू हां, बारक्या.’

पप्पा, मी ती कमान पाहिलेली नाही. तरी डोळे मिटले की दिसते. माणूस जमिनीवर बसून हात वर करतो तेव्हा समोर हात जास्त उंच पोचतो, बाजूला कमी. तुमच्यानं उभं राहवत नव्हतं. तुम्ही दगड झालेला अस्तराचा डबा बघितला असणार, तो जवळजवळ भरलेला होता, त्यातनं पाठीसाठी काही निघालंच नव्हतं. मग एकट्यानं ते धूड ओढलंत. किराणावाल्याचा उरलेला हिरवा काढलात, वरची साय बाजूला केलीत. आणि भिंत आणि कपाट यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या जागेत, लुगड्याचा तुकडा नाकाला बांधून, बसलात. ओल खालून येते म्हणून खालून सुरुवात केलीत आणि हात पोचला तिथपर्यंत गेलात. किती वेळ लागला असेल? मधे किती वेळा थांबला असाल? मी तेव्हा पाण्यात उड्या मारत होतो. तुम्ही त्यानंच गेलात असं मी म्हणत नाही, छाती आधीच गेलेली होती. पण तो दिवस तरी मी तुमच्या छातीवर टाकला. आणि वर तुम्ही गोधड्या बांधल्यात. रंगाला खरचटू नये म्हणून नव्हे, हे आता कळतंय. टेम्पोवाल्यासमोर, दाजींच्या भावांसमोर, माझ्यासमोरसुद्धा माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. दोन शब्द बोलला असतात तर. एक कानाखाली दिली असतीत तर मी सुरतला गेलो नसतो, असं कधीकधी वाटतं. मग वाटतं, गेलोच असतो.

ताईला मी काय म्हटलं? ‘हो. मीच.’ एवढंच. ती म्हणाली, ‘दाजींनी रविवारी पेंटर बोलावलाय, मागून सगळं क्रीम करून घेते एकदाचं.’ तेव्हा मी ओरडलो, ‘नको! पेंटर नको. मी येतो, मी करतो.’ ती हसत सुटली. ‘तू? सात वर्षांत झालं नाही ते आता करणार?’ मग माझ्या आवाजात काय ऐकलं कोण जाणे, म्हणाली, ‘बरं, राहू दे तसंच. ये मात्र लवकर. नवीन घरात खोलीच्या मधोमध उभं आहे ते, पोरं त्याच्यामागं लपतात आणि आई रोज अडखळते.’

तुमच्या हिरव्याला मी हात लावणार नाही, वरचं कोरं तेवढं करीन, आधी अस्तर लावून. आणि ते करताना ताईला आणि आईला सांगेन कुणी केलं ते. फोनवर नाही सांगता येत. हे पत्र आईच्या नावानंही पाठवता येणार नाही, आईला पत्र ताईच वाचून दाखवते, आणि हे मला दोघींना समोर सांगायचंय. ताईचं ते थँक्यू तुमचं आहे, ते सध्या माझ्याकडंच पडून आहे.

ताई दर शुक्रवारी विचारते, सुट्टीचं काय झालं. मी सांगतो, साहेब ऐकत नाही गं, पुढच्या महिन्यात बघू म्हणतो. ती साहेबाला शिव्या घालते. पप्पा, साहेबाला मी अजून विचारलेलंच नाही.