माझ्या पोटातलं आधी मला सांगा

प्रिय अक्का,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण आज दवाखान्याच्या खाटेवर बसून लिहितेय. उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे म्हणे. काल डॉक्टरांनी मला तपासलं, "काळजी नको अम्मा" म्हणून हसले, आणि यांना खुणेनं बाहेर घेऊन गेले. दार लोटून घेतलं. बाहेर कुजबुज सुरू झाली. मला दरदरून घाम फुटला ग! गाठीच्या भीतीनं नव्हे, त्या लोटलेल्या दारानं.

तुझ्या वेळीही असंच झालं असेल ना?

तुझं पहिलं बाळंतपण. बाळ हाती लागलं नाही, पण तुमची पोरगी वाचली, एवढंच तुझ्या सासूबाईंनी आईला आणि मला सांगितलं. तुलाही तेवढंच. मग पुन्हा मूल व्हावं म्हणून तू दर मंगळवारी बसवनगुडीतल्या पिंपळाच्या कट्ट्यावर जायला लागलीस. नागाच्या दगडांना दूध घालायचं आणि ओलेत्यानं प्रदक्षिणा. थंडीत दात वाजायचे तुझे. मी "चल ना" म्हटलं की म्हणायचीस, "स्वल्प थांब ग, एवढी एकच!"

आणि भावजी? ते तुला तिथवर सोडायला यायचे! सगळं ठाऊक असून! तू डोळे मिटून हात जोडायचीस तेव्हा कुठं बघत असतील ग ते?

ते हळदीकुंकू आठवतं? तुला वाण देताना मागून कुणीतरी बोललं, "अय्यो, हिला आता कुठली मुलं? पिशवीच काढलीय ना हिची!" बोलणारीची नणंद तुझ्या बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स होती. नवल कुणालाच वाटलं नाही. म्हणजे साऱ्या गल्लीला माहीत होतं. नव्हतं ते फक्त तुला, आणि आईला-मला. तू हळद लावून घेतलीस, ओटी सावरलीस, आणि मला म्हणालीस, "चल, दवाखान्यात जायचंय."

डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "रक्त थांबत नव्हतं. तू शुद्धीवर नव्हतीस. काढली नसती तर तू वाचली नसतीस. तुझ्या यजमानांना विचारलं होतं."

"जीव वाचवलात, उपकार झाले," तू म्हणालीस. "पण शुद्धीवर आल्यावर?"

"तुझ्या घरचे म्हणाले, तिला सोसणार नाही."

"मला सोसणार नाही म्हणून मला सांगितलं नाहीत. मग माझ्याआधी शेजारणींना कसं कळलं?"

बाई टेबलावरचं पेन उगाच इकडचं तिकडे करत राहिल्या.

घरी येऊन तू भांडशील असं मला वाटलं होतं. तू भावजींना एवढंच म्हणालीस, "मला वाटलं, आपण दोघं मिळून वाट बघतोय." ते खाली बघून रडले. तू नाही रडलीस. का ग? माझ्यापाशी तरी रडायचं होतंस! त्यानंतर तू कट्ट्यावर गेली नाहीस, कुणाच्या घरी हळदीकुंकवालाही नाही. कुठलंही औषध दिलं की विचारायचीस, "हे कशाचं?" शेवटच्या त्या तापातसुद्धा.

तेच आठवून काल मी यांना विचारलं. हे म्हणाले, "काही नाही ग, साधीच गाठ." पण नजर खिडकीबाहेर. "खरं सांगा," म्हटलं, "नाहीतर मी इथूनच घरी जाते." तेव्हा म्हणाले, "डॉक्टरांनी तुला सांगू नको म्हटलंय."

आज डॉक्टर फेरीवर आले. मी म्हटलं, "डॉक्टर, पोट माझं आहे. मला सांगा."

आधी त्यांनी यांच्याकडे बघितलं. मग डॉक्टर स्टूल ओढून बसले. "गाठ साधी असेल तर तेवढीच काढू. वाईट निघाली तर पिशवीसुद्धा काढावी लागेल. पोट उघडल्याशिवाय सांगता येत नाही."

वाईट! तो शब्द अजून कानात घुमतोय, अक्का. पण कालची ती कुजबुज ह्याहून भयंकर होती.

"सरी, ठीक आहे," मी म्हटलं. "लागली तर काढा, माझी हरकत नाही. पण काय निघालं ते शुद्धीवर आल्यावर आधी मला सांगायचं. मग यांना. इथल्या नर्स, आयांच्या तोंडून बाहेर एक शब्द जायला नको."

"बघू," म्हणाले. नुसतं बघू! ह्या शब्दाचं काय करू मी? सकाळपासून तोच चघळतेय. यांनी मात्र माझा हात धरला आणि म्हणाले, "मला विचारलं तरी मी 'तिला विचारा' म्हणेन." विश्वास ठेवू ना? ठेवावासा वाटतो.

तुला शब्द देते, अक्का. उद्या डोळे उघडले की पाणी मागायच्या आधी विचारीन, काय काढलंत माझं? कुणी "आराम कर" म्हणालं तर पुन्हा विचारीन. उत्तर काहीही असो, ते ऐकताना मी घाबरेन, कदाचित मोठ्यानं रडेनही. पण ऐकेन.

तुझीच,
कमळी